मागच्या ओळीतली जागा

४ फेब्रुवारी

प्रिय ताई,

फोनवर आपलं बोलणं दुसऱ्याच वाक्याला भांडणावर येतं आणि मग आई माझ्या हातातून फोन काढून घेते, म्हणून लिहितोय. कागदावर तरी तू मला मधेच तोडणार नाहीस.

गाडीचं जवळजवळ ठरलं. जुन्या गाडीत जुळ्यांच्या दोन खुर्च्या बांधल्या की उरलेल्या फटीत आईला एका कुशीवर बसावं लागतं. मावशी तुझ्याकडे अंथरुणाला खिळल्यापासून आईचा एकच धोशा आहे, बहिणीला भेटायचं. बस तिला आता झेपत नाही. नोकरीभर बसमध्ये कंडक्टर म्हणून उभी राहिलेली बाई, पण आता दोन थांब्यांत चेहरा उतरतो.

दोन गाड्या पाहिल्या. दोन्ही उंच, तीन ओळींच्या, सात माणसांच्या. करडी ऐसपैस आहे. मधून मागे जायला वाट, मागच्या ओळीतही पाय लांब करता येतात, सीट अशी की घरचा सोफा लाजेल. पण पेट्रोल पिते म्हणजे काय, उन्हातून आलेली म्हैस पाण्यावर उतरावी तशी. पांढरी पेट्रोल आणि बॅटरी दोन्हीवर चालते. चालवून पाहिली तेव्हा मायलेजचा आकडा बघून मला वाटलं काटा बिघडलाय. मागची ओळ जरा आटोपशीर आहे, एवढंच. मला रोज लिफ्ट तपासायला गावोगाव हिंडावं लागतं, त्यामुळे आराम बघू की इंधन, तूच सांग.

माझं मत पांढरीकडे आहे. जुळी मधल्या ओळीत, आम्ही दोघं पुढे आणि आईला मागची अख्खी ओळ मोकळी. राणीसारखी बसेल. तुझं मत कळव.

तुझा,
चिमण

---

११ फेब्रुवारी

चिमण,

ठरवून झाल्यावर मत विचारायची तुझी खोड शाळेपासूनची आहे. तरी देते.

करडी घे.

मागच्या ओळीत तू स्वतः बसून पाहिलंस का? लिफ्टमध्ये किती माणसं मावतात ते तू ठरवतोस, मान्य. पण मावणं वेगळं आणि तासन्‌तास बसणं वेगळं. मी वॉर्डात आईच्या वयाच्या बायका रोज उठवते, बसवते. गुडघे छातीपाशी येतील अशी जागा त्यांना दिली तर उठताना त्या ओरडत नाहीत, नुसता श्वास धरतात. आईही तशीच करणार आणि तुला वाटणार की ती मजेत आहे.

आणखी एक सांग. मधल्या सीटवर जुळ्यांच्या खुर्च्या बांधल्यावर आई मागे शिरणार कुठून? आणि उतरणार कशी? राणी म्हणे. राणीला कधी डिकीजवळ बसवलेलं ऐकलं नाही मी.

तुझं रोजचं हिंडणं मला कळतं. पण ही गाडी तू आईसाठी घेतोयस असं सगळ्यांना सांगत सुटलायस. मग आईला विचारलंस का? तिच्याकडून "तुम्हाला बरी वाटेल ती घ्या" याखेरीज दुसरं काही ऐकलं असशील तर मला कळव.

मावशी बरी आहे. उजवा हात अजून उचलत नाही, पण जीभ पहिल्यासारखी तलवार आहे. आईची वाट बघते आहे.

ताई

---

२ मार्च

प्रिय ताई,

पांढरी घेतली. पत्र वाचल्यावर तुझ्या नाकाला मिरच्या झोंबतील, पण आधी ऐकून घे.

मागच्या ओळीत मी बसून पाहिलं. दुकानातल्या माणसाने बसवलं. डोकं छताला लागलं नाही, गुडघे पुढच्या सीटला टेकले पण रुतले नाहीत. आई माझ्यापेक्षा वीतभर बुटकी आहे. आणि आईला विचारलं. ती म्हणाली, "तुम्हाला बरी वाटेल ती घ्या." आता यात माझा काय दोष?

आठवडाभरात माझं पेट्रोल निम्म्यावर आलंय. समोर एक छोटा पडदा आहे, लिटरमागे किती गेली ते सतत दाखवतो. हळू वेग घेतला, ब्रेक कमी मारला की आकडा चढतो. मला त्याचा नादच लागलाय. तुझी वहिनी म्हणते, माझ्याकडे इतक्या प्रेमाने कधी बघितलं नव्हतंस.

पुढच्या पंधरवड्यात सगळे येतो. आईने मावशीसाठी मऊ कापडाचे दोन गाऊन शिवलेत.

चिमण

---

२४ मार्च

प्रिय ताई,

सुखरूप पोचलो. पण तुझ्या वागण्याचं मला वाईट वाटलं, ते लिहिल्याशिवाय राहवत नाही. नवी गाडी दारात उभी आणि तू साधी बाहेर येऊन पाहिलीही नाहीस. आई उतरली ती सरळ न्हाणीघरात गेली, तू तिच्यामागे गेलीस, आणि मी किल्ली हातात घेऊन फाटकाशी उभा. तोंडदेखलं "छान आहे" म्हटलं असतंस तर तुझं काय गेलं असतं?

तुझ्याकडे येताना मी कमाल केली होती. एसी मंद, वेग एकसारखा, उगाच थांबणं नाही. आकडा इतका चढला की मी त्याचा फोटो काढून ऑफिसात दाखवला. फक्त एकदा पंपावर थांबलो, काचा पुसायला. जुळी नुकतीच झोपली होती. मी मागे वळून आईला विचारलंसुद्धा, "उतरायचंय का?" ती "नको" म्हणाली.

तरी तिने पाण्याची बाटली नव्या सीटवर सांडली. हातातून सुटली म्हणे. मी काही बोललो नाही, पण महिन्याच्या आत कव्हरवर डाग पडला. परत येताना आई अख्खी वाट गप्प. आता महिनाअखेरीला मावशीकडे राहायला जायचं ठरलंय ना, तर म्हणते मला प्रवासच नको. कशावरून रुसलीय, देव जाणे. करडीचं तू तिच्या डोक्यात भरवलं नाहीस ना?

चिमण

---

२७ मार्च

ताई,

हे पत्र मी तुमच्या भावाला न सांगता लिहिते आहे. आईंनी मला शपथ घातली होती, ती फक्त यांना न सांगण्याची होती. तुम्हाला सांगू नको असं त्या म्हणाल्या नाहीत. तुम्ही त्या दिवशी न्हाणीघरात त्यांच्यामागे गेलात, तेव्हा तुम्हाला कळलंच असेल. तरी सगळं सांगते.

ते पाणी नव्हतं.

पंपाच्या बऱ्याच आधीपासून आई चुळबुळत होत्या. मी आरशात बघून खुणेने विचारलं, त्यांनी खुणेनेच "पुढे बघू" म्हटलं. पंपावर गाडी थांबली. मी उतरून मधलं दार उघडलं. आईंना बाहेर यायचं तर एका मुलाची खुर्ची पट्टे सोडून काढावी लागते, मग सीट दुमडावी लागते, मग कुठे एक पाय ठेवण्याइतकी जागा होते. मी पट्ट्याला हात घातला तर हे पुढून म्हणाले, "अगं, आत्ता झोपलेत, उठवू नको. आई, उतरायचंय का?" आवाज असा, की त्याला "नको" हे एकच उत्तर बसतं. आई म्हणाल्या, "राहू दे गं, पोरं उठतील."

त्यानंतर हे कुठे थांबलेच नाहीत. तुमच्या गावाच्या वेशीपाशी आईंनी बाटली उघडली आणि स्वतःच्या मांडीवर ओतली. मला ते आरशात दिसलं. माझ्याकडे बघून त्यांनी मान हलवली, की बोलू नको.

घरी आल्यावर कव्हर मी धुतलं. हे बाजूला उभं राहून म्हणत होते, म्हातारपणी हाताला कंप सुटतो, आईला बाटली देत जाऊ नको. माझ्या हातात ब्रश होता, ताई. तो यांच्या डोक्यात घालायचा राहिला.

आता आई कुठेही जायचं म्हटलं की आदल्या दिवसापासून पाणी पीत नाहीत. परवा साधं कोपऱ्यावरच्या दवाखान्यात जायचं होतं तर चालत निघाल्या. मावशींना म्हणे फोनवर बोलेन. फोनवर काय बोलणार त्या? दोघी एकमेकींचं ऐकू येत नाही म्हणून ओरडत राहतात.

शपथेत मी अडकले आहे. तुम्ही काहीतरी करा.

वहिनी

---

३ एप्रिल

चिमण,

तुझी गाडी पाहिली नाही म्हणून तू रुसलास. मी काय पाहत होते ते मी लिहिणार नाही. ते सांगायचा हक्क आईचा आहे आणि ती सांगणार नाही, हेही मला माहीत आहे.

मी एवढंच म्हणते, येत्या रविवारी जुळ्यांच्या खुर्च्या जागच्या जागी ठेव, पोरांना त्यात बसव, आणि तू मागच्या ओळीत बस. दुकानातल्यासारखा क्षणभर नाही. गाडी वहिनी चालवेल. घरून निघ आणि इथे येईपर्यंत उतरू नको. निघायच्या आधी दोन पेले पाणी पी.

करडी घेतली असतीस तर हे लिहायची वेळ आली नसती. त्यात मधून वाट होती, तूच लिहिलं होतंस. तुला वाट दिसली, ती कशासाठी असते ते दिसलं नाही. मायलेज, मायलेज. आईला लिटरमागे किती त्रास झाला, ते दाखवणारा पडदा नाही वाटतं तुझ्या गाडीत?

मावशी रोज दाराकडे बघते. काल म्हणाली, "ती यायची म्हणून मी हसायचं शिल्लक ठेवलंय." ते मी आईला फोनवर सांगितलं नाही. तू तोंडाने सांग.

ताई

---

१० एप्रिल

ताई,

पुरे झालं आता. उंटावरून शेळ्या हाकणं सोपं असतं. तू तिकडे बसून हुकूम सोडतेस. इकडे आईचे डोळे कोण तपासून आणतं? तिच्या गोळ्या संपल्या की दुकानात कोण धावतं? तू वॉर्डातल्या परक्या बायकांचे गुडघे मोजतेस, आपल्या आईचे मी बघतो. वर्षातून दोनदा तोंड दाखवायचं आणि वर मला पाणी पिऊन मागे बस म्हणायचं, हा कुठला न्याय?

"हक्क आईचा आहे" म्हणजे काय? आईने माझी चुगली केली, हेच ना? मग तोंडावर सांगायला काय झालं? मी काय वाघ आहे? मी तिला विचारलं होतं आणि ती "नको" म्हणाली होती. माणसाने दिलेलं उत्तर खरं मानायचं नाही तर काय करायचं? म्हातारी माणसं हट्टी होतात, तुलाही एक दिवस कळेल.

गाडी मी बदलणार नाही. आणि गाडीबद्दल तुझं एक अक्षरही मला आता वाचायचं नाही.

चिमण

---

२३ एप्रिल

माझ्या लेकी,

चार ओळी लिहायला घेतल्या की माझं अक्षर उतरणीला लागतं, सांभाळून घे.

मावशीची वाचा गेली हे तू फोनवर सांगितलंस, तेव्हा मी स्वयंपाकघरात ओट्याला धरून उभी होते. फोन ठेवला आणि पहिला राग आला तो माझा मलाच. धडधाकट बाई, बहीण एका दिवसाच्या वाटेवर, आणि मी लाजेपायी घरात बसून राहिले. ती माझ्याशी बोलायला थांबली होती, आणि मी कव्हरवरच्या डागाला भीत होते.

मग मला तिकडच्या खोलीतून चिमणचा आवाज आला. सुनेला सांगत होता, ताईला पत्रात स्पष्ट लिहिलं होतं, म्हातारी माणसं हट्टी होतात, आता मावशीचं ऐकून तरी आई हट्ट सोडेल.

तुम्ही दोघं लहान होतात तेव्हाचं तुला थोडं आठवत असेल. आमच्या डेपोत कंडक्टर बायका आम्ही मोजक्याच. शेवटच्या थांब्यावर पुरुषांना आडोसा चालायचा, आम्हाला काहीच नाही. सकाळी पाणी न पिता कामावर जायचं आणि दुपारी भोवळ आली की साहेबांनी म्हणायचं, बायकांना हे काम झेपत नाही. एक दिवस आम्ही सगळ्या साहेबांच्या केबिनमध्ये शिरलो. मी सांगितलं, शेवटच्या थांब्यावर दार आणि कडी असलेली खोली बांधून होईपर्यंत आमच्यातली एकही गाडीवर चढणार नाही. गाड्या अडल्या. लोक शिव्या देत होते, तुझे वडीलसुद्धा म्हणाले की चारचौघांत बोलायची ही गोष्ट आहे का. खोली झाली. अजूनही आहे, मी नोकरी सोडताना तिला रंग लावून घेतला होता.

ती मी. आणि माझ्या पोराच्या गाडीत मला तोंड उघडता आलं नाही. परक्यांशी भांडायला जीभ चालते, आपल्या माणसापुढे ती कुठे जाते कोण जाणे.

मी त्या खोलीत गेले. चिमणला म्हटलं, "ते पाणी नव्हतं."

त्याला कळेना. "कुठलं पाणी?"

"सीटवरचं. मी वरून पाणी ओतलं, आधीचं लपवायला."

सून दाराला पाठ लावून उभी होती. मग तो हळूच म्हणाला, "पण मी विचारलं होतं, आई. तू नको म्हणालीस."

मी म्हटलं, "तू विचारलंस तेव्हा इंजिन चालू होतं. तुझा एक डोळा माझ्याकडे आणि एक त्या आकड्याकडे. सुनेने पट्ट्याला लावलेला हात तू काढायला लावलास आणि मग मला विचारलंस. असं विचारतात का? बसमध्ये मी घंटी मारली की ड्रायव्हरने गाडी थांबवायची असते. का थांबवायची ते मला विचारायचं नसतं."

तो म्हणाला, "मला सांगायचं होतंस."

"आता सांगितलं ना. तुझ्या बहिणीला लिहिलंस ते परत लिही, की मी हट्टी आहे. त्याच्या पुढे लिही की मी शनिवारी मावशीकडे जाणार आहे आणि पुढे बसणार आहे."

गाडी बदलायची गोष्ट त्याने काढली. करडी आणतो म्हणाला. मी म्हटलं, गाडीला काही झालेलं नाही, तिला कशाला शिक्षा? मग दोघं खाली गेली, मी वरून खिडकीतून पाहिलं. एका पोराची खुर्ची सोडली, मागच्या ओळीत बांधली. मधे एका बाजूने मागे जायला वाट झाली. मी चहाला आधण ठेवलं होतं, ते उकळायच्या आत काम झालं होतं. तेवढं सोपं होतं ते, लेकी. तू करडी करडी करत होतीस, तो पांढरी पांढरी करत होता. मी कुठे बसणार, एवढं कोणी बदलून पाहिलं नाही.

शनिवारी सून चालवणार आहे. चिमण मागे पोराजवळ बसणार. मी सांगितलं नव्हतं, तोच म्हणाला.

मावशीला सांग मी येते. ऐकू येत असेल तर ऐकेल.

आई

---

२९ एप्रिल

ताई,

आईला तुझ्याकडे सोडून आलो तेव्हा आपण धड बोललो नाही. तू मावशीच्या खोलीत होतीस, मी जुळ्यांना घेऊन अंगणात.

मागे बसून आलो. वाटेत आईने तुझ्या वहिनीला तीनदा थांबायला लावलं. एकदा मला वाटतं नुसतंच, बघायला की थांबते का. मी उतरलो तेव्हा माझे पाय माझे नव्हते. आकडा किती आला ते पाहिलं नाही.

मी तुला नको ते लिहिलं. पण आई पोचली, मावशीजवळ आहे, शेवटी सगळं ठीक झालं ना?

चिमण

---

१९ मे

चिमण,

मावशी परवा पहाटे गेली, ते तुला फोनवर कळलंच. आई तिच्या उशाशी होती. शेवटचे काही दिवस मावशी डोळे मिटूनच असायची, पण आईने हात हातात घेतला की तिची बोटं आवळली जायची. नवा गाऊन तिला आईनेच घातला.

तू विचारलंस, शेवटी सगळं ठीक झालं ना. मी या पत्राला उत्तर द्यायला इतके दिवस घेतले, कारण मला "हो" लिहायचं होतं आणि हात वळत नव्हता. नाही झालं. मार्चच्या शेवटापासून एप्रिलच्या मध्यापर्यंत मावशी बोलत होती. रोज सकाळी विचारायची, आज येणार का. आईला काय काय सांगायचं ते माझ्याजवळ घोकायची, दोघी कुठल्या विहिरीवर पोहायला शिकल्या, कोणाला चिठ्ठी पोचवली होती, कोण कोणाशी खोटं बोललं होतं. मी म्हणायचे, तीच आली की सांग. आता ते मी आईला सांगते आहे, जेवढं आठवतं तेवढं. ती ऐकते आणि मधेच म्हणते, "असं नव्हतं ते." कसं होतं ते विचारायला आता कोणी नाही.

ते दिवस गेले, आणि ते गाडीमुळे गेले नाहीत. मी तुला करडीवरून टोमणे मारत बसले, आणि खरी गोष्ट माहीत असून आईने घातलेल्या शपथेचा आब राखला. त्याचा हिशेब माझा मी बघेन. तुझा तू बघ. आईने आपल्या दोघांनाही माफ केलंय, पण तिने माफ केलं म्हणून मला राग येऊ नये असं नाही. मला येतो. तुझा येतो, माझा येतो, "पोरं उठतील" म्हणून मुकाट बसणाऱ्या तिचाही येतो.

रविवारी तिला न्यायला ये. ती थकली आहे, वाटेत फार बोलणार नाही. मधे कुठेतरी थांब. तू विचारशील, उतरायचंय का, तर ती "नको" म्हणेल. इतक्या वर्षांची सवय एका भांडणाने जात नाही. ती "नको" म्हणाली तरी इंजिन बंद कर, खाली उतर, तिच्या बाजूचं दार उघड आणि काही न बोलता उभा राहा.

ताई